निळ्या जिभा

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा नदीवर पूल नव्हते आणि बातम्या माणसांच्या पायांनी चालत यायच्या. त्या काळी एका राज्यात, नदीच्या काठाला, राजाची रंगशाळा होती.

रंगशाळा म्हणजे काय, तर एक लांबलचक पडवी आणि तिच्यात ओळीने गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण. रांजणांत नीळ. राजाचे झेंडे, शिपायांची पागोटी, राणीवशातली लुगडी, सगळं तिथे निळं व्हायचं.

आता नीळ म्हणजे काही हळद नव्हे, पाण्यात कालवली आणि झालं. नीळ आंबवावी लागते. चुना आणि गूळ घालून रांजण जिवंत ठेवावा लागतो. हो, जिवंतच म्हणतात त्याला. तान्ह्या मुलासारखं त्याच्याकडे रोज बघावं लागतं, काय हवं, काय नको. नाही बघितलं तर तो मरतो. मग त्यात कापड बुडवा नाहीतर नाल्यात बुडवा, फरक काही नाही.

हे बघायचं काम वस्तादांचं. रोज सकाळी ते एकेका रांजणापाशी उकिडवे बसायचे, बोट बुडवून जिभेला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग एकच शब्द. "चुना." किंवा "गूळ." किंवा "निजू द्या." त्या शब्दावर सगळी रंगशाळा हलायची. वस्तादांची जीभ कायम निळी असायची. ते हसले की लहान मुलं आधी घाबरायची आणि मग खुदकन हसायची.

त्या रंगशाळेत गोजरा नावाची एक बाई कामाला होती. नवरा गेला तेव्हा वस्तादांनीच तिला कामावर घेतलं होतं. फार बोलले नव्हते. "हात कामाला लागू देत. बाकीचं सावकाश होतं," एवढंच म्हणाले. घरी आंधळा सासरा होता आणि चूल तिच्या एकटीच्या जिवावर पेटायची. म्हणून गोजराला वाटायचं, वस्ताद आहेत तोवर आपल्याला भिण्याचं कारण नाही.

आणि एका सकाळी वस्ताद आलेच नाहीत.

"पहाटेच गेले," रखवालदार म्हणाला. "खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी विचारलं, वस्ताद, कुणीकडे? तर म्हणाले, बघतो जरा. आणि नावेत बसले."

"बघतो जरा म्हणजे काय?" गोजरानं विचारलं.

"ते मला काय माहीत? मी रखवालदार. दार राखतो, माणसाच्या मनावर पहारा नाही ठेवत."

झालं. रंगशाळेत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे, राजानं काढलं. कुणी म्हणे, पलीकडच्या राजानं दुप्पट पगार दिला. कुणी म्हणे, संन्यास घेतला. खरं काय ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मीही पुष्कळ चौकशी केली असती हो, पण एवढ्या जुन्या गोष्टीत आता विचारायचं तरी कुणाला?

दुपारी रंगशाळेचा कारभारी आला. पायरीवर उभा राहिला, आत काही आला नाही.

"राजवाड्यातून हुकूम येईल," तो म्हणाला. "कोण राहणार, कोण जाणार, रंगशाळा चालणार की बंद होणार, सगळं त्यात असेल. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. काही बिघडलं तर उत्तर कोण देणार?"

"हुकूम यायचा कधी?" गोजरानं विचारलं.

"येईल तेव्हा येईल," असं म्हणून कारभारी चालता झाला. त्याचंही बिचाऱ्याचं काय चुकलं म्हणा. हुकुमात त्याचं स्वतःचं नाव असेल की नसेल, हे त्यालाही कुठे ठाऊक होतं?

मग सुरू झालं ते बसून राहणं. माणसं सकाळी यायची, रांजणांच्या कडेला पाय पसरायची आणि वाटेकडे डोळे लावायची. कालपर्यंत एकमेकांच्या फडक्यातली चटणी खाणारी माणसं, आता पाठ करून जेवायला लागली. वस्तादांचं प्रेम कुणावर जास्त होतं, यावरून दोघांची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. पिळणीवर काम करणारा म्हादू रोज कारभाऱ्याच्या घरी विडे घेऊन जाऊ लागला. गूळ घालणारी सारजाक्का पदरात तोंड लपवून म्हणायची, "माझं वय बघून मलाच आधी काढतील गं बाई."

आणि गोजरा? तीही तशीच बसायची. भुकेपेक्षा भीतीच जास्त खात होती तिला.

एका संध्याकाळी तिनं सासऱ्याला भाकरी वाढली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "सूनबाई, हाताला नुसता पिठाचा वास येतोय. निळीचा येत नाही."

"काम बंद आहे, मामंजी. वस्ताद गेले ना."

"वस्ताद गेला. रांजण घेऊन गेला का?"

"रांजण कसे नेतील? तिथेच आहेत."

"त्यांना कोण बघतं मग?"

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "माझे डोळे गेले तेव्हा मीही असाच बसलो होतो वाट बघत. कुणीतरी येईल आणि सांगेल, आता असं कर. कुणी आलं नाही. मग मीच भिंत धरून उठलो. दोनदा पडलो, तो भाग वेगळा."

दुसऱ्या दिवशी गोजरा सगळ्यांच्या आधी रंगशाळेत पोचली. रांजणांवरची झाकणं काढली आणि वाकून बघितलं. जिवंत रांजणावर जांभळट फेस असतो आणि तांब्यासारखी चकाकती साय असते. इथे फेस विरत चालला होता. सायीवर धूळ बसली होती.

"अगं गोजरे, झाक ते!" मागून सारजाक्का ओरडली. "हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

"हात लावला तर मला काढतील," गोजरा म्हणाली. "नाही लावला तर हे मरतील आणि सगळ्यांनाच काढतील. मग लावलेला काय वाईट?"

तिनं कडेच्या रांजणात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. सारजाक्कानं डोळेच मिटून घेतले. वस्तादांखेरीज असं कुणी कधी केलं नव्हतं.

चव मिळमिळीत होती, थोडी गोडसर. पण गोडसर म्हणजे चुना हवा की अजून गूळ? वस्तादांचा शब्द रोज ऐकला होता, त्या शब्दामागची चव कधी कुणी विचारली नव्हती. गोजरानं अंदाजानं चुना घातला. चांगला ओंजळभर.

ओंजळ फार झाली. दुसऱ्या दिवशी त्या रांजणातल्या पाण्यानं तिची जीभ भाजली. फेसाचा पत्ता नव्हता. रांजण मेला होता.

"झालं समाधान?" म्हादू कुत्सितपणे हसला. "एक खून पडला तुझ्या नावावर."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. "पडला. माझ्याच हातानं मेला तो. आणि बाकीचे मरतील ना म्हादूभाऊ, ते तुझ्या नुसतं बघत बसण्यानं मरतील. तो आकडा तू मोज."

असं म्हणून ती दुसऱ्या रांजणापाशी जाऊन बसली. आता चुना चिमटी चिमटीनं घालू लागली आणि दर वेळी चाखू लागली.

मग सारजाक्का गुडघ्यावर हात टेकत उठली. "सर बाजूला," ती म्हणाली. "जन्मभर यात गूळ घातलाय मी. मला काढायचं तर काढू देत, पण उपाशी रांजण बघवत नाही." तिनं बोट बुडवलं, चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं. "हे बघ, हा गूळच मागतोय."

मग तिसरा उठला, मग चौथी. हळूहळू सगळी पडवीच रांजणांवर वाकली.

"आंबट आहे हा."

"आंबट कुठे? तुरट आहे."

"तुझ्या तोंडात तंबाखू आहे मेल्या! आधी चूळ भर, मग चव सांग."

भांडत भांडत त्यांची जीभ तयार होत गेली. एकाला कळायचं नाही ते पाच जणांत कळायचं. आणि एका सकाळी झाकण काढलं तर काय! वर जांभळा फेस टरारून फुगलेला. सारजाक्कानं रांजणावरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली. त्या दिवशी पुन्हा सगळ्यांनी एकमेकांच्या फडक्यातली चटणी खाल्ली. म्हादू तेवढा लांब बसला होता.

हा म्हादूच कारभाऱ्याकडे गेला. जाणारच. विड्यांच्या ताटात एवढी चांगली बातमी कधी गेली नव्हती.

कारभारी तणतणत आला. या वेळी थेट आत आला.

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं की नाही? कुणी लावला? नाव सांगा. त्या एकाला काढतो, बाकीच्यांचं मग बघू."

त्या एकाला. गोजराच्या डोळ्यांपुढे घरची चूल आली, भाकरीची वाट बघणारा म्हातारा आला. गप्प राहिलं असतं तर निभावलंही असतं कदाचित.

पण ती पुढे आली. कारभाऱ्यासमोर उभी राहिली आणि तिनं जीभ बाहेर काढली. निळीशार, मुळापासून शेंड्यापर्यंत.

"हा काय चावटपणा?" कारभारी लालबुंद झाला.

"तुम्ही विचारलंत, मी दाखवलं," गोजरा म्हणाली. "एक रांजण माझ्या चुकीनं मेला. तो माझ्या पगारातून कापा. बाकीचे जिवंत आहेत."

"तू उद्यापासून..." कारभाऱ्यानं बोट उगारलं, आणि ते तसंच राहिलं. कारण सारजाक्का पुढे आली होती आणि तिनंही जीभ काढली होती. तिच्यामागे धुणेकरी. त्यांच्यामागे वाळवणीवरच्या बाया. रांगच्या रांग, निळ्या जिभाच जिभा.

कारभाऱ्यानं बोट खाली घेतलं. तो म्हादूकडे वळला. "तू तरी सांग रे, हे सगळं सुरू कसं झालं?"

म्हादूनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"अरे, बोल की! बोलत का नाहीस?"

शेवटी म्हादूला तोंड उघडावं लागलं, आणि पडवी हास्यानं दणाणून गेली. त्याचीही जीभ निळी! सगळे जेवायला बसले की हा गुपचूप एकेक रांजण चाखून यायचा. नवा वस्ताद नेमायची वेळ आली तर आपल्यालाच नेमावं, म्हणून.

"आता सगळ्यांनाच काढा," गोजरा म्हणाली. "पण जाण्याआधी एक बघून घ्या."

तिनं एक पांढरं पागोटं रांजणात बुडवलं, दाबून धरलं आणि वर काढलं. पागोटं हिरवटपिवळं निघालं.

"हिरवं?" कारभारी किंचाळला. "राजाच्या शिपायांना हिरवं पागोटं? मला फासावर चढवायचंय का तुम्हाला?"

"थांबा. आम्ही इतके दिवस वाट बघितली, तुम्ही दोन श्वास बघा."

आणि बघता बघता, वारा लागला तसं ते पागोटं कडेनं निळं होत आलं. मग मध्यावर. मग सगळंच गर्द निळं. कारभाऱ्यानं जन्मात हे पाहिलं नव्हतं. तो पागोट्याकडे बघत राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पण मी वर काय सांगू?"

"काम चालू आहे म्हणून सांगा. खोटं नाही त्यात काही."

कारभाऱ्यानं तेवढंच सांगितलं. आणि नशीब त्याचं. कारण हुकूम आला तो असा होता: काम चालू असेल तर चालू ठेवावं, नवा वस्ताद येत आहे. बंद पडलं असेल तर रांजण फोडावेत आणि जागा घोड्यांना द्यावी.

नवा वस्ताद आला. अंगरखा कडक, चेहराही कडक. आल्या आल्या त्यानं विचारलं, "इथे रांजण कोण बघतं?"

उत्तरादाखल सगळ्यांनी जिभा दाखवल्या. नवा वस्ताद दोन पावलं मागे सरकला.

"भिऊ नका," गोजरा म्हणाली. "तुम्ही मोठे, तुमचा शब्द आम्ही मानू. पण इथे आता सगळेच चाखतात. तुम्हीही कधी पहाटे नावेत बसलात, तरी इथलं झाकण उघडायचं थांबणार नाही. या, बसा. हा रांजण काल जरा रुसला होता. काय मागतोय सांगा बघू."

नव्या वस्तादानं अंगरख्याची बाही वर केली, उकिडवा बसला आणि बोट बुडवलं.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्यानं सुनेचा हात नाकाशी नेला आणि भाकरी जरा जास्तच खाल्ली.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: उद्या आपल्याला कोण ठेवील आणि कोण काढील हे आपल्या हातात नसतं, पण हातातलं काम आज मरू द्यायचं की जगवायचं, हे आपल्याच हातात असतं.