भिवराईचं बिनचेहऱ्याचं लेकरू

फार वर्षांपूर्वी, वाकेगावच्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गावात भिवरा नावाची सुताराची विधवा राहायची. नवऱ्यामागं तिनं पटाशी हातात घेतली, पण नांगर-वखर केले नाहीत. ती शिसवीच्या फळीवर चित्र उलटं कोरायची, त्यावर काजळ-डिंकाची शाई फासायची, वर कागद ठेवून करवंटीनं घासायची. कागद उचलला की चित्र सुलटं उमटायचं. नागपंचमीला नाग, श्रावणात लेकरांना राखणारी जिवती. घरोघरी भिंतीवर तिचेच कागद असायचे. तिचा नाग बघून मांजरं फिस्कारायची, असं म्हणतात.

एका वर्षी देवीची साथ आली. पंधरवड्यात गावातली अकरा लेकरं गेली. त्यात अनुसया कुंभारणीचा गेनू होता. पाच वर्षांचा, एकुलता एक.

भिवरा भेटायला गेली, तशी अनुसयेनं भिंतीवरची जिवती ओढून काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली.

"मावशी, हिला मी हळदकुंकू वाहिलं. कुठं होती ही तेव्हा?"

भिवरा कागद उचलून घरी आली.

त्या दिवसापासून अनुसया जेवेना, बोलेना. कुंभाराचं चाक थांबलं. शेवटी तिचा नवरा भिवराच्या दारी आला. म्हणाला, "एकच बोलते, पोराचं तोंड आठवत नाही. तेवढं कोरून द्या."

भिवरानं तीनदा गेनू कोरला. तिन्ही वेळा अनुसयेनं कागद बघितला आणि मान फिरवली. "हा माझा नाही."

चौथ्या वेळी भिवरानं हात पुढं करून उभं असलेलं लेकरू कोरलं, पण चेहरा मोकळा ठेवला. तो कागद, कुंचला आणि शिंपल्यांत कालवलेले रंग तिनं अनुसयेपुढं मांडले. गेरू, हळद, नीळ, पळसाच्या फुलांचं केशरी पाणी.

"पोरी, मला जमेना गं. मी त्याला येता-जाता बघितलेला. तूच काढ." आणि ती तिथंच अंगणात बसून राहिली.

दुपार कलली. मग अनुसया हळूच म्हणाली, "त्याचा अंगरखा कैरीच्या रंगाचा होता."

"मग हळदीत थोडी नीळ घाल."

अनुसयेनं कुंचला घेतला नाही, बोट बुडवलं. अंगरखा झाला. मग बाहेर आलेले कान आठवले, चाकावर पडून हनुवटीला झालेली खूण आठवली. एकेक सांगत ती रंगवत गेली. ओल्या रंगात गेनूनं पापणी हलवली आणि रंग वाळेपर्यंत तो आईकडं बघून हसत राहिला, असं म्हणतात. अनुसया तेव्हा कुठं मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर तिनं भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या दहा आया भिवराच्या दारात उभ्या. तिनं एकदाच शाई फासली आणि दहा कागद काढले, एकही फिका उठला नाही, असं म्हणतात. सगळ्या कुंभाराच्या अंगणात रंगवत बसल्या. उठताना अनुसयेनं आपला गेनू शेजारी रंगवत बसलेल्या सरूच्या हातात दिला.

"माझ्या घरात राहिला तर मी त्याच्यासमोरून उठायची नाही. तुझ्या भिंतीवर असू दे, मी येऊन बघत जाईन. तुझ्या चिमीचा कागद मला दे."

तसं प्रत्येकीनं केलं. त्या वर्षी वाकेगावात एकही दार दिवसभर बंद राहिलं नाही.

भिवरा पुढं पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा तिच्या तळव्यांवरचे रंग सात पाण्यांनी धुतले तरी निघाले नाहीत, असं म्हणतात. तेव्हापासून ती गावाची भिवराई झाली.

वाकेगावात आजही पळस फुलला की त्या ठशाचे कागद निघतात. गेलेलं माणूस ऐंशी वर्षांचं असलं तरी लेकराच्याच रूपात रंगवतात. रंगवलेला कागद कुणी स्वतःच्या घरी ठेवत नाही, दुसऱ्याच्या दारी नेऊन देतं. घेणारी बाई कागद दोन्ही हातांनी घेते आणि एवढंच विचारते, "काय आवडायचं ह्याला?" त्या दिवशी तिच्या चुलीवर तेच शिजतं.