चिंचेच्या पुढे

मुलांनो, मनातल्या मनात डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. उसाचा हंगाम आहे. करंजवाडीच्या शिवारात चरक करकरतो आहे, बैल गोल गोल फिरताहेत आणि खोलीएवढ्या रुंद काहिलीत रस खदखदतो आहे. गुळाचा वास आला ना? तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. त्याच वासानं ठकू मात्र तोंड फिरवायची.

ठकू चौदा वर्षांची. तिचे वडील म्हादबा या गुऱ्हाळावर गूळ रांधायचे. दोन वर्षांपूर्वी काहील ओतताना कढत गूळ उडाला आणि ठकूचा डावा गाल नि मान भाजली. जखम भरली, व्रण राहिला. आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं ती तोंडाभोवती गुंडाळून फिरायची. घरात भांडं पडलं तरी दचकायची, एका जागी घडीभर बसायची नाही. वडिलांची भाकरी घेऊन रोज निघायची, पण गुऱ्हाळाच्या अगदी अलीकडची चिंच आली की पाय थिजत. भाकरी तिथंच ठेवून ती परत पळायची.

त्या वर्षी मुक्तगिरी महाराज गावच्या मारुतीच्या देवळात उतरले होते. तेही एका जागी बसत नसत. दिवसभर त्यांच्या खडावांची खटखट चालू असे. ठकू त्यांच्याबरोबर येरझाऱ्या घालायची.

“महाराज, माझा डाग जाईल?”

“ते काही मी सांगत नाही, बाळ. आज कुठवर गेलीस?”

“चिंचेपर्यंतच.”

“मग उद्याही जा. चिंच काही पळून जात नाही.”

ही गोष्ट गुऱ्हाळावर पोचली, तेव्हा मालक हैबतराव मोठ्यानं हसले. “म्हादबा, पोरीला चिंचेखालीच राखणीला बसव की! तोंड बघूनच कोल्ही पळतील. आणि तुझे महाराज तिला चालायला शिकवतात होय? तो चमत्कार आमची गाय दरसाल वासरावर करते!”

गडी हसले. म्हादबांनी मान खाली घातली. चिंचेखाली ठकूनं प्रत्येक शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी म्हादबा पाणी आणायला विहिरीवर निघाले. “मालक, जाळ वाढवू नका. रस वर येईल.”

“मला शिकवतोस? त्यात काय कळायचंय?” हैबतरावांनी जाळ वाढवायला लावला, गड्यांना ऊस उतरवायला पिटाळलं आणि काहिलीकडे पाठ करून भट्टीच्या कट्ट्यावर टेकले. जेवण भरपेट झालं होतं. डोळा लागला.

ठकू तेव्हा भाकरी घेऊन चिंचेखाली पोचली होती. भीतीनं तिचे कान तिखट झाले होते. खदखद एकाएकी जड झाली, घुसमटली. रस उतू जाणार! “मालक! उठा!” ती ओरडली, पण मालक गाढ झोपले होते आणि गडी लांब होते. पाऊल उचलेना.

तोच शेजारी खट्‌ खट्‌ आवाज झाला. “चल, ठकू.”

तो आवाज पुढे गेला आणि ठकू त्याच्या मागे धावली! तिनं दोन्ही हातांनी हैबतरावांना बाजूला लोटलं. त्याच क्षणी कढता रस कट्ट्यावरून कोसळला आणि थेट तिच्या पावलांवर आला. पण काय आश्चर्य! विहिरीच्या पाण्यासारखा गार. तिनं वळून पाहिलं. महाराज कुठंच नव्हते.

“महाराज माझ्याबरोबर होते!” ती म्हणाली. हैबतराव तिला घेऊन देवळात आले, मागोमाग गडी. महाराज सकाळपासून एकाच जागी बसून होते, असं पुजारी सांगत होता. त्यांची दोन्ही पावलं घोट्यापर्यंत पोळली होती, फोड टरारले होते.

“महाराज, चुकलो!” हैबतराव पायांवर पडू लागले.

महाराजांनी चटकन पाय ओढून घेतले. “अरे, हळू! भाजलेत ते. नमस्कारच करायचा तर तिला कर. चिंचेपासून ती स्वतःच्या पायांनी आली आहे.”

सगळ्या गड्यांसमोर हैबतरावांचं डोकं त्या मुलीपुढं टेकलं. “पोरी, माझी जीभ झडो,” एवढंच ते बोलू शकले.

आणि ठकूनं काय केलं? तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं तोंडावरचं फडकं सोडलं, तांब्यातल्या पाण्यात भिजवलं आणि महाराजांच्या पावलांना हलक्या हातानं गुंडाळलं. मग उघड्या तोंडानं सगळ्यांमधून वाट काढत ती बाहेर निघाली. चिंचेखाली भाकरी राहिली होती, आणि म्हादबा अजून उपाशीच होते.