हिरवं वर्तुळ

“...आणि ते वर्तुळ भरत आलं की नेमकी जाग येते, असंच ना?” केदारबुवांनी विचारलं.

“रोज,” सुयश म्हणाला. “एवढंसं राहिलेलं असतं, बुवा. नखाएवढं.”

बुवा मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. सुपात चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. त्यांचं काम काही थांबलं नाही, आणि सुयशला त्याचा राग आला. आपण जिवावरचं सांगतोय आणि म्हाताऱ्याला चिंचा सुचताहेत!

टेकडीवर तो आपल्या पायांनी चढून आला होता, पण आपल्या मनानं नव्हे. आईनं आणलं होतं. निम्म्या पायऱ्यांवरच तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. ती तिथंच टेकली आणि लेकाला म्हणाली, तू हो पुढं, मी बसते.

“पुन्हा सांग,” बुवा म्हणाले. “तुमचे खेळ मला कळत नाहीत. जरा दमानं सांग.”

सुयशनं सांगितलं. मोबाइलवरचा लढाईचा खेळ. तो आणि धाकटा निनाद, दोघा भावांची जोडी. जिल्ह्यात या जोडीला तोड नव्हती, हे सांगताना इतक्या दुःखातही त्याची मान ताठ झाली. खेळात जोडीदाराला गोळी लागली तर तो लगेच मरत नाही, पडून राहतो. त्याच्या शेजारी बसायचं, छातीवर हात ठेवायचा. एक हिरवं वर्तुळ भरत जातं. पूर्ण भरलं की पडलेला उठतो.

“मध्येच हात काढला तर?”

“वर्तुळ रिकामं. सगळं पहिल्यापासून. मी कधीच काढला नाही. चारी बाजूंनी गोळीबार चालू असला तरी नाही. त्यासाठीच तर नाव होतं माझं.”

“बरं. आणि स्वप्नात?”

“स्वप्नात आमचा घाट असतो, अगदी खराखुरा. पण कठड्यावर बंदुका मांडलेल्या असतात. रसवंतीवाला लिंबू पिळता पिळता काडतुसांच्या पेट्या विकतो. मागून एक निळी भिंत सरकत येत असते. तिच्यात जो सापडला तो संपला. एस.टी.च्या थांब्यावर आई उभी असते. तिच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते, जीव किती उरलाय ते दाखवणारी.”

“किती उरलाय?”

“मी बघत नाही. पुढं निनाद पडलेला असतो ना.”

बुवांनी आणखी एक चिंच फोडली.

“घाटात तो खरंच पडला होता?”

“मोटारसायकल घसरली,” सुयश म्हणाला. “वळणावर खडी होती. रक्त फारसं नव्हतं. डोळे उघडे होते. माझ्याकडंच बघत होता.”

“तू काय केलंस?”

“शेजारी बसलो. छातीवर हात ठेवला.”

“आणि?”

“एक टेम्पो आला. उठून आडवं जायला हवं होतं. हात करायला हवा होता.”

“केला नाहीस?”

“काढला असता तर...”

खेळ कुठला आणि रस्ता कुठला, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, असं कुणी म्हणेल. ज्याच्यावर ती वेळ आली नाही त्यानं खुशाल म्हणावं. भर उन्हात धाकट्या भावाचा श्वास अडकलेला दिसला की हात जे शिकलेला असतो तेच करतो. टेम्पो निघून गेला.

“डॉक्टर म्हणाले, तसाही वाचला नसता.”

बुवांनी पुढची चिंच उचलली.

“मला उपदेश नको, बुवा. अंगारा नको, गंडादोरा नको. मला झोप पाहिजे. न मोडणारी. औषधं घेऊन पाहिली, दिवसचे दिवस पडून राहिलो, तरी जाग येतेच. तुम्ही म्हणे समाधी लावता. तेवढं शिकवा. एकदा ते वर्तुळ भरू दे. पुढं माझं काय व्हायचं ते होवो.”

हे मागताना त्याला जराही लाज वाटली नाही. दुसरं मागण्यासारखं या जगात त्याच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

“आईकडं कोण बघतं मग?”

“ती काय, नुसती उभी असते थांब्यावर.”

“स्वप्नातलं नाही विचारलं.”

काल आई जेवली होती का, हे सुयशला आठवेना. परवाचंही आठवेना. घरात चूल कोण पेटवतं, दूध कोण आणतं, रात्री ती कुठं निजते, काही म्हणता काही त्याला ठाऊक नव्हतं.

बुवांनी सूप बाजूला सारलं, हात झटकले आणि ओट्यावर सरळ आडवे झाले. डोळे मिटले.

“मी पडलोय. उठव.”

“थट्टा करताय माझी?”

बुवा तसेच पडून राहिले.

सुयश ताडकन उठला. असल्या बुवाबाजीसाठी आपण टेकडी चढलो! दोन पावलं गेला, आणि त्यानं मागं वळून पाहिलं. बुवांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. कफनी हलत नव्हती.

“बुवा?”

...

“अहो बुवा!”

तो मागं धावला. गुडघे आपोआप वाकले. कधी बसला, कधी हात ठेवला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. तळव्याखाली काहीतरी ठोके देत होतं, पण ते बुवांच्या छातीतलं की आपल्याच बोटांतलं, हे त्याला समजेना. तो आणखी दाबून बसला. आता त्याच्यासाठी मठही नव्हता आणि टेकडीही नव्हती. ते वळण होतं, ती खडी होती आणि ते उघडे डोळे होते. “उठ ना रे,” तो म्हणाला, “उठ ना,” आणि घरात कुणासमोर रडला नव्हता तसा हमसून हमसून रडला.

खालून हाक आली.

“सुयशऽऽ! अरे, हात दे रे जरा. मला उठता येईना!”

“थांब गं आई!” तो ओरडला. “आत्ता नाही!”

“पाय आखडलेत रे माझे... येतोस ना?”

त्यानं पायऱ्यांकडं पाहिलं. मग आपल्या हाताकडं पाहिलं. काढायचा म्हटलं तरी तो निघेना. ती बोटं जणू त्याची राहिलीच नव्हती. आईनं पुन्हा हाक मारली. या खेपेला आवाज बराच बारीक होता, आणि तो ऐकताना सुयशला आपली इतकी किळस आली की आपणच का नाही पडलो त्या वळणावर, असं त्याला झालं. तरी हात तिथंच होता.

बुवांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ तेवढे हलले.

“मी केव्हाचा उठायला बघतोय, पोरा. तू हात काढशील तर ना!”