बारवेचे पाहुणे

मांडवखेलच्या जुन्या बारवेला दुरुस्तीचं सरकारी अनुदान हवं होतं. पाहणीला आलेले साहेब पुरणपोळी चापून म्हणाले, “इथं पर्यटक येतात याचा पुरावा काय? वर्षाला पन्नास तरी हवेत. नाहीतर फाईल बंद!”

सरपंच गोदाक्कांनी पाहुण्यांच्या सह्यांची वही पुढं केली. यंदाची त्रेपन्न नावं होती.

साहेब खवळले. “अहो, ही तर आमच्याच खात्यातून पाहणीला आलेली माणसं!”

बारवेच्या पायऱ्यांवर साहेबांची बायको, मेहुणी आणि भाचरं फोटो काढत होती. तिकडं बघत गोदाक्का म्हणाल्या, “पाहणीला एकटे साहेब पुरतात. बाकीचे पर्यटकच की!”

तेवढ्यात मेहुणी खालून ओरडली, “भाऊजी, दिवाळीच्या सुट्टीत परत यायचं हं!”

साहेबांनी गपगुमान फाईलवर सही ठोकली.