पेंडिंगचा शाप

एका राज्यात एक परदेशी जादूगार आला आणि राजाला एक शब्द देऊन गेला: पेंडिंग. तो उच्चारला की अर्ज हवेत लटके आणि अर्जदार जागीच दगड होई. दरबाराला ना हो म्हणावं लागे, ना नाही. शिपाई त्या दगडांना घोडी बांधू लागले.

त्या दगडांत आवडाक्का होती. नदी ओलांडायला गावासाठी एक नाव, म्हणजे होडी, मागायला आली होती. तिची धाकटी बहीण सगुणा, राज्याची दवंडीवाली. आज सूर्यास्ताला बारा वर्षं भरणार. मग दगड तो कायमचा दगड.

एक साळुंकी आवडाक्काच्या खांद्यावर बसली. म्हणाली, "सगुणे, तीन तोंडांतून या शब्दाचा खरा अर्थ काढ, शाप सुटेल. आधी कोतवाल, मग प्रधान. खोट्याला तुझी हलगी वाजणार नाही."

सगुणा कोतवालापुढे उभी राहिली. "पेंडिंग म्हणजे काय, साहेब? अर्थ कळल्याशिवाय शब्द पिटू नये, असा आमच्या हलगीचा नेम आहे."

"म्हणजे काम चालू आहे."

हलगी मुकी. दवंडी नाही तर हुकूम नाही. कोतवाल खाकरला. "म्हणजे, अर्ज वाचलाच नाही."

हलगी कडाडली. आवडाक्काची पावलं मऊ झाली.

प्रधान म्हणाला, "म्हणजे विचार सुरू आहे."

हलगी मुकी.

"फार हट्टी आहेस, बाई. म्हणजे नाही. पण नाही म्हटलं की लोक कारण विचारतात."

हलगी कडाडली. दगड गळ्यापर्यंत विरघळला. सूर्य डोंगराला टेकला.

"तिसरा राजाच ना?" सगुणाने विचारलं.

"हा शब्द गावोगाव कुणी नेला?" साळुंकी म्हणाली.

सगुणाने हलगी खाली ठेवली. मग ती बहिणीकडे बघत हळूच बोलली, "माझ्यासाठी पेंडिंग म्हणजे भीती. नेम मला तेव्हाही ठाऊक होता. विचारलं तर हलगी काढून घेतील, म्हणून बारा वर्षं न विचारता पिटलं. तुझ्या नावानंही पिटलं, आक्का."

हलगी आपोआप वाजली. सगळ्या दगडांची माणसं झाली, अर्ज खाली आले. आवडाक्काने डोळे उघडले.

"रडतेस काय, वेडे? राजे काय म्हणाले ते सांग."

राजाने अर्ज उचलला, पहिल्यांदाच वाचला. मान खाली घालून म्हणाला, "नाव देता येणार नाही. लाकूड नाही."

"एवढंच होय," आवडाक्का म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतं तर आमची आम्ही बांधली असती."

दोघी बहिणी नदीकडे निघाल्या. त्या राज्यात आता दोनच उत्तरं आहेत, आणि दोन्ही त्याच दिवशी मिळतात. आवडाक्काला मिळालं, तसं तुम्हाआम्हालाही मिळो.