खालच्या आळीचा नळ

चिंचशेत नावाच्या गावात सगुणाबाई नावाची एक कासारीण राहायची. गोष्ट जुनी आहे. तेव्हा पक्षाचं कार्यालय म्हणजे पिठाच्या गिरणीमागची एक खोली होती. बैठक असली की सतरंजी अंथरायची, किटलीतून चहा यायचा, आणि भांडणं झाली तरी माणसं एकाच ताटलीतले शेंगदाणे खायची.

सगुणाबाई घरोघर बांगड्या भरायची. वरच्या आळीत नळ होते. खालच्या आळीतल्या बायका नदीवरून पाणी वाहायच्या. त्यांच्या हातांना एवढे घट्टे पडलेले, की बांगडी चढवताना सगुणाबाईच्याच डोळ्यांत पाणी यायचं. दर निवडणुकीला पक्ष नळाचं वचन द्यायचा आणि विसरायचा. खालची आळी पारावर बसून शिव्या द्यायची.

एक दिवस सगुणाबाई पक्षाची सभासद झाली.

शेजारची भागीरथी म्हणाली, "चिखलात उतरलीस, आता पाय भरणार."

"भरले तर धुवीन. पण धुवायला पाणी तर आणू दे आधी!"

तीन वर्षं पक्षानं तिला एकच काम दिलं: पाहुणे पुढारी आले की ओवाळायचं. ती ओवाळायची, पण बैठक संपेपर्यंत उठायची नाही. सतरंजीच्या कडेला बसून कोण काय बोलतो, कोण गप्प राहतो, सगळं ऐकायची.

मग पंचायतीची निवडणूक आली. अध्यक्ष रंगराव भर बैठकीत म्हणाले, "सगुणाबाई, खालच्या आळीची उमेदवारी तुम्हाला. फक्त या खेपेला नळाचा विषय नको. वरच्या आळीचं पाणी कमी होईल, मतं जातील."

कासारणीला उमेदवारी! तिच्या घराण्यात कुणी पंचायतीची पायरी चढलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, आधी निवडून येऊ, नळाचं मग बघू. आणि लगेच उमगलं, आजवर जो तो असंच म्हणत आला.

"उमेदवारी दुसऱ्या कुणालाही द्या," ती म्हणाली. "पण वचननाम्यात पहिली ओळ नळाची लिहा. आत्ता, सगळ्यांसमोर."

रंगरावांचा चेहरा उतरला. तेवढ्यात धोंडूतात्या उठले. तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या अंथरणारे तात्या बैठकीत कधी अवाक्षर बोलले नव्हते.

"बाई बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "मलाही हेच म्हणायचं होतं. धीर झाला नाही."

मग एकेक हात वर होत गेला. रंगरावांनी मुकाट्यानं ओळ लिहिली.

उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. तो निवडून आला. सगुणाबाई मात्र दर महिन्याच्या बैठकीला जाऊन एकच विचारायची, "नळाचं कुठवर आलं?" दीड वर्षानं खालच्या आळीत नळ आला. भाषणं झाली, कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं लागली. सगुणाबाई हंडा घेऊन रांगेत उभी होती.

भागीरथी कळवळून म्हणाली, "अगं, तुझं नाव कुठंय यात?"

"नाव राहू दे," सगुणाबाई हसली. "तुझा नंबर आलाय. भर आधी."

आता ती खोली नाही, ती सतरंजीही नाही. पण चिंचशेतच्या म्हाताऱ्या बायका पाणी भरताना अजून तिची आठवण काढतात.

तात्पर्य: घर झाडायचं तर उंबरठ्याबाहेर उभं राहून भागत नाही, आत जावं लागतं; आणि आत गेल्यावर आपण कशासाठी आलो, हे विसरून चालत नाही.