न शेकलेली हलगी

वाद्यं माणसांशी बोलायची त्या काळी बिरूकडे एक हलगी होती. वाजवण्याआधी बिरू तिला जाळावर शेकायचा. कातडं ताणलं की ती अशी कडाडायची की तिच्याशिवाय पंचक्रोशीत वरात निघत नसे.

एका धुकट सकाळी सादळलेल्या हलगीवर बिरूची बोटं सहज पडली. आतून जड, खोल आवाज आला. हलगी स्वतःच दचकली.

"बिरूदादा, यापुढं मला शेकू नकोस," ती म्हणाली. "शेकलं की मी लोकांना हवं ते बोलते. हा आवाज माझा आहे."

"अगं, असल्या आवाजावर नाचणार कोण?"

"नाचू नये कुणी. ऐकावं."

बिरूनं तिचं मानलं. पुढच्याच वरातीत नाचणारे थबकले. "लग्नाला आलोय की मयताला?" नवरदेवाचा बाप खेकसला. हळूहळू बोलावणी बंद झाली.

"शेकू का गं?" एका संध्याकाळी बिरूनं विचारलं.

"नको. वाजव."

तो अंगणात वाजवत बसला. हलगी कडाडली की त्याची म्हातारी शेळी नेहमी कोपऱ्यात दडायची. आज मात्र ती दावं ताणून जवळ आली, कातडं हुंगलं आणि ते चाटू लागली.

"बोल बाळा," शेळी म्हणाली. "किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला."

बिरूचा हात थांबला. तिच्या करडाचं कातडं त्यानंच हलगीवर चढवलं होतं.

"थांबू नकोस, दादा," हलगी हळूच म्हणाली. "आई ऐकतेय."